शेवंतीचे दोन दिवस

शेवंती,

काल पलंग हलवला. सुमन केर काढत होती. म्हणाली, "आता तरी हा भिंतीला लावा, सारखा पायात येतो." दहा महिने या घरातली एकही वस्तू जागची हलली नव्हती. कुणी खुर्ची पुढे ओढली की मी उठून ती परत फरशीच्या त्याच रेघेवर नेऊन ठेवायचो, कारण तुला दिसत नव्हतं आणि घर मात्र पाठ होतं. पाहुणे हसायचे. काल पलंग भिंतीला लावला आणि मग पुढं काय करायचं ते सुचेना. तिथंच बसून राहिलो.

तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. माणूस गेलं की या दिवसांत घरात लोक असतात, बोलायला काहीतरी असतं. मांजराचं तसं नाही. शेजारच्यांनी विचारलं, "मांजर दिसत नाही हल्ली?" गेली, म्हटलं. "वय झालंच होतं की," म्हणाले. ते खरंच आहे, सोळा वर्षं म्हणजे पुष्कळ. पण ज्याबद्दल मला बोलायचंय ते वयाचं नाही. माझंच आहे.

तू आलीस तेव्हा मनू सहावीत होती. मखमलाबादला सुमनच्या भावाचा, अण्णाचा, फुलांचा मळा. दिवाळीनंतर आम्ही गेलो होतो. शेडमध्ये शेवंतीच्या फुलांचे ढीग, बाजारात न्यायच्या टोपल्या भरणं चाललेलं, आणि एका टोपलीत फुलांच्या रंगाचं, मुठीएवढं पिल्लू झोपलेलं. मी आधीच सांगून ठेवलं होतं, मांजर घरात येणार नाही. येताना स्कूटरवर मनू पुढं उभी होती, स्वेटर पोटाशी धरून. द्वारकेच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा स्वेटर म्याव म्हणाला. तिथून परत मखमलाबादला जाणार कोण?

मी तुला कधी कुरवाळलं नाही. लाड करायला मनू होती, खाऊपिऊ घालायला सुमन. आपलं नातं फक्त सकाळचं होतं. ओझरच्या कारखान्याची बस धरायला मी सव्वासहाला घर सोडायचो. तू कंपाउंडच्या भिंतीवरून माझ्या बरोबरीनं कोपऱ्यापर्यंत चालायचीस, भिंत संपली की थांबायचीस. पुढं मी वळून बघायचो नाही. पण तू बसलेली आहेस हे ठाऊक असायचं. तेरा वर्षं हे चाललं, आणि एवढ्या वर्षांत तुझ्याशी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घेऊन घरी आलो तेव्हाही तू भिंतीवरच होतीस.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी तू त्या भिंतीवर उडी मारायला गेलीस आणि खाली पडलीस. उठलीस, अंग झटकलंस, जणू काही झालंच नाही असं दाखवत तुळशीपाशी जाऊन बसलीस. मी ओट्यावर चहा पीत होतो. मी हसलो. सुमनला आत हाक मारून सांगितलंसुद्धा, "तुझी पैलवान पडली बघ."

तिथून सुरुवात झाली असावी. मनूचं लग्न होऊन ती पुण्याला गेली होती. घरात आपण तिघं. तू एकाएकी वेगळी वागायला लागलीस. दुपारी आम्ही जेवून जरा आडवे झालो की तू मधल्या खोलीत उभी राहून ओरडायचीस. ते म्याव नव्हतं. नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा तो लांबलचक, घोगरा आवाज. "शेवंते, गप," म्हटलं तरी चालूच. मागच्या दारी वाळूचं घमेलं होतं, इतकी वर्षं त्याच्या बाहेर कधी थेंब पडला नव्हता. आता तू घमेल्याशेजारी बसायचीस, कधी पायपुसण्यावर, कधी माझ्या वर्तमानपत्रावर. अंग चाटायचं सोडलंस, पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या. बादलीतलं पाणी पीत राहायचीस. आणि पाठीमागून कुणी हात लावला की फिरून चावायचीस.

मी म्हणायचो, मनू गेली त्याचा राग काढतेय. म्हणायचो, म्हातारपणी माज आलाय. वर्तमानपत्राची गुंडाळी करून हाताशी ठेवायचो आणि तू कुठं बसताना दिसलीस की फरशीवर आपटायचो. काही वेळा फरशीवर नाही, तुझ्यावर.

सुमनशी माझे वाद व्हायचे ते याच्यावरून.

"तिला काहीतरी होतंय," ती म्हणायची. "डॉक्टरांना दाखवा एकदा."

"मांजराला कसला डॉक्टर? मांजरं आपली आपण बरी होतात."

"ती मुद्दाम करत नाही हो."

"मुद्दाम करत नाही तर नेमकं माझ्याच पेपरवर कसं?"

यावर ती फडकं घेऊन पुसायला बसायची.

मी कारखान्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची वीस तपासणीत. नवीन कामगार आला की त्याला पहिल्या दिवशी सांगायचो, मशीनचा आवाज बदलला तर मशीनला शिव्या घालू नका, कुठं घासतंय ते शोधा. लेथच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगत असे, लोक मुद्दाम बोलावून न्यायचे. आणि तू माझ्या घरात, माझ्यासमोर उभी राहून दीड वर्षं ओरडत होतीस. मला तो आवाज नुसता त्रास वाटला.

त्या फेब्रुवारीत मनूचं दुसरं बाळंतपण होतं. सुमन महिन्याभरासाठी पुण्याला गेली. निघताना म्हणाली, "तिच्यावर ओरडू नका." नाही, म्हटलं. आठ दिवस आपलं बरं चाललं. म्हणजे तू ओरडायचीस आणि मी दुसऱ्या खोलीत रेडिओ मोठा करायचो.

नवव्या दिवशी, शुक्रवारी, मी भाजी घेऊन आलो तर तू पलंगावर होतीस. पलंगावर सुमननं येणाऱ्या बाळासाठी घातलेली गोधडी होती. तिच्या जुन्या सुती लुगड्यांची, थोडी शिवायची राहिली म्हणून ती इथंच ठेवून गेली होती. गोधडी पार ओली. मी तुला मारलं. गुंडाळीनं नाही, हातानं. तू पळालीस आणि दाराच्या चौकटीवर आदळलीस, डोक्यानं. मोठा आवाज झाला. पंधरा वर्षांची, या घरात वाढलेली मांजर दार चुकून चौकटीवर आदळते, हे बघूनही मला काही कळलं नाही. मी पोतं शोधत होतो.

पोत्यात घालताना तू हाताला चावलीस. मग शांत झालीस. स्कूटरच्या पुढच्या जागेत पोतं ठेवून पंचवटीतून मखमलाबादला निघालो. वाटेत मी स्वतःला सांगत होतो की तिला माहेरीच नेतोय. मळ्यात उंदीर आहेत, ऊन आहे, मोकळं आहे, तिथं तिला बरं वाटेल. भर दुपार होती, सगळे जेवायला घरात गेलेले. शेडपाशी कोणी नव्हतं. मी पोत्याचं तोंड सोडलं. तू बाहेर आलीस, पोट जमिनीला लावून बसलीस, पळाली नाहीस. जागा ओळखीची वाटली असेल, मला वाटलं. पोतं गुंडाळून सीटखाली टाकलं आणि अण्णाला हाकसुद्धा न मारता निघून आलो.

त्या दिवशी घर शांत होतं. मी गोधडी धुतली, वाळत घातली. रेडिओ लावला नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी सुमनचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मग म्हणाली, "शेवंती जेवते ना?"

"जेवते," मी म्हणालो.

"तिला नुसत्या हाका मारू नका, येत नाही ती. बशी तिच्या नाकापाशी न्या. मी निघायच्या आदल्या दिवशी बघितलं, बशीच्या शेजारची फरशी चाटत होती. तिला बशी सापडत नाही हो हल्ली."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. बशी सापडत नाही. चौकटीवर आदळली. भिंतीवरची उडी चुकली. पाठीमागून हात लावला की दचकते. सगळं एकापुढं एक येऊन उभं राहिलं. वीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला ते सांगायला पुण्याहून फोन यावा लागला.

रविवारी उजाडताच निघालो. शेडला वळसा घालून गेलो तर तू तिथंच होतीस. जिथं सोडलं तिथून दोन पावलांवर, टोपल्यांच्या चळतीला नाक लावून. आजूबाजूला सगळीकडे मोकळं रान, आणि तू दोन दिवस दोन पावलं गेली होतीस. मी समोर उभा राहिलो, तुझी नजर हलली नाही. "शेवंते," म्हटलं. कान हलला नाही. मग मी आणखी एक पाऊल पुढं टाकलं, जमीन जराशी हादरली असेल, आणि तू तोंड वर करून ओरडलीस. तोच आवाज, दुपारचा. कुणी आहे का, एवढंच तू विचारत होतीस. दीड वर्ष तेच विचारत होतीस आणि मी दुसऱ्या खोलीतून "गप" म्हणत होतो.

अण्णा शेडमधून बाहेर आला. "दाजी, ही शेवंतीच हाय ना? परवापास्नं इथंच बसलीय. दूध ठिवलं, तोंड लावलं नाय. लय खंगलीय, आधी वळखलीच नाय मी."

"चालत आली असेल," मी म्हणालो.

अण्णानं माझ्या हाताकडे बघितलं. तुला न्यायला मी तेच पोतं आणलं होतं. तो घरात जाऊन वहिनींची एक जुनी शाल घेऊन आला आणि म्हणाला, "पोत्यात नका घालू. ह्याच्यात घ्या."

उचलताना तू पुन्हा चावलीस. मग हात हुंगलास. बराच वेळ हुंगलास. नंतर अंगठ्यावरून दात काढलेस, पण तोंड तिथंच ठेवलंस.

तिथून सरळ जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रविवार होता, दवाखाना बंद होता, त्यांनी घरातून येऊन उघडला. तुझ्या डोळ्यांवर बॅटरी मारली, बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या राहिल्या.

"काका, हिला अजिबात दिसत नाही. कधीपासून?"

मला सांगता आलं नाही.

"ऐकूही येत नाही फारसं. म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडते, स्वतःचा आवाज तिला कळत नाही. मूत्रपिंडं थकलीत, त्यामुळं पाणी खूप पिते आणि लघवी आवरत नाही. मागचे पाय धरलेत. वाळूचं भांडं कसलं आहे?"

"घमेलं."

"त्याची कड चढताना दुखत असणार तिला. म्हणून शेजारी बसते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हातारी मांजरं हट्टी होत नाहीत हो. त्यांचं काहीतरी दुखत असतं."

औषधानं काय होईल आणि काय होणार नाही तेही त्यांनी सांगितलं. डोळे परत येणार नव्हते.

त्याच दिवशी मी पत्र्याचा एक ट्रे कापून तीन बोटं उंचीचा केला, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या. तुझ्या गादीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून ट्रेपर्यंत सुतळीच्या पट्ट्या अंथरल्या, पायाला वाट लागावी म्हणून. गुठळ्या कात्रीनं एकेक करून काढल्या, आठवडा लागला. जवळ येण्याआधी दोनदा पाय आपटायचा, मग हात नाकापाशी न्यायचा, मग शिवायचं, असं ठरवलं. चार दिवसांत तू चावायची थांबलीस. चार दिवसांत, शेवंती. दीड वर्षाचा "माज" चार दिवसांत गेला.

दुपारचं ओरडणं गेलं नाही, पण आता तू ओरडलीस की मी जाऊन तुझ्याशेजारी फरशीवर बसायचो. पाय लागला की तू गप्प व्हायचीस आणि माझ्या पावलांवर अंग टाकायचीस. मी तिथंच पेपर वाचायचो. सोळा वर्षांत जेवढं तुझ्याशी बोललो नव्हतो तेवढं त्या दुपारी बोललो. मखमलाबादचंही बोललो, चुकलो म्हणून कितीदा तरी सांगितलं. आता वाटतं, ज्याला ऐकू येत नाही त्याची माफी मागणं फार सोपं असतं.

सुमन परत आली तेव्हा ट्रे, पट्ट्या, सगळं बघून दारातच उभी राहिली. "हे कधी केलंत?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणालो, आणि तेवढ्यावरच थांबलो. तिनं मनूला फोनवर सांगितलं, बाबा तिचं इतकं करतात, कुणी आईचं करणार नाही. मी शेजारी उभा राहून ऐकलं. नंतर जो येईल त्याला ती हेच सांगायची आणि मी आत निघून जायचो. लोकांना वाटायचं, स्वतःचं कौतुक ऐकायला लाजतो.

तू गेलीस ती सकाळची, गॅलरीतल्या उन्हात. बाहेर थंडी होती, मी तुझी गादी उन्हाबरोबर सरकवत होतो. दहाच्या सुमारास वाटी घेऊन आलो, दोनदा पाय आपटला. तू मान वर केली नाहीस. पुन्हा आपटला. वाटी खाली ठेवली.

सुमननं तुला त्याच जुन्या शालीत घेतलं. रडून झाल्यावर म्हणाली, "अण्णाला फोन करा. मळ्यात नेऊ. माहेरची जागा आहे तिची."

"तिथं नको," मी म्हणालो.

"का?"

तेव्हा सांगितलं. तू तिच्या मांडीवर होतीस आणि मी समोर उभा राहून सगळं सांगितलं, गोधडीपासून शालीपर्यंत. एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. संपल्यावर ती म्हणाली, "माहीत आहे मला. दिवाळीला गेले होते तेव्हा अण्णा बोलला."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार? राग आला होता, खूप आला होता. तिथून निघाले ते भांडायचं ठरवूनच. घरी आले तर तुम्ही फरशीवर बसून तिला घास भरवत होतात." ती थोडा वेळ शालीची कड नीट करत राहिली. "म्हटलं, सांगतील आपण होऊन. वाट बघितली मी. ती होती तोवर सांगायला हवं होतंत."

तेवढंच. तू होतीस तोवर सांगायला हवं होतं, हे खरं आहे. कंपाउंडच्या आत, कढीपत्त्याच्या झाडाजवळ खड्डा मी खणला. सुमननं माती लोटली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मनूला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

तुला सांगायचं, त्यात कसलीच जोखीम नव्हती. मनूला सांगायचं म्हटल्यावर मी नऊ दिवस टाळलं. तिला तू गेल्याचं कळवलं होतं, ती रडली होती, आणि रडता रडता म्हणाली होती, "बाबा, तुम्ही तिचं किती केलंत." ते ऐकल्यापासून तर फोनकडे बघवेना.

आज दुपारी केला. आपल्या त्याच वेळेला. म्हटलं, "मनू, शेवंतीबद्दल एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस." ती मध्ये बोलली नाही. मी पोत्याचं सांगितलं, टोपल्यांचं सांगितलं, फोनवर तिच्या आईशी खोटं बोललो ते सांगितलं. पलीकडं तिची धाकटी कसलंतरी खेळणं वाजवत होती, ते मध्येच बंद झालं. तिनं ते हातातून काढून घेतलं असावं.

माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "त्या दोन दिवसांत थंडी होती का?"

"होती. पहाटेची होती."

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. ठेवला असता तरी मला चाललं असतं. पण तिनं ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मीही ठेवला नाही. आम्ही दोघं तसेच राहिलो, काही न बोलता, खूप वेळ.